नकाशात नसलेली ये-जा

बाळांनो,

मागच्या सोमवारी फोनवर तुम्ही दोघांनी मला विचारलंत, "आजी, तू धाकट्या आजीकडे रोज का नाही जात? बस नाही का तिकडे?" मी म्हटलं, "आहे आणि नाही." तुम्ही हसलात, आणि मग तुमची शाळेची वेळ झाली. त्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायला हवं, आणि आत्ताच द्यायला हवं, कारण पुढच्या आठवड्यात धाकट्या आजीला बेंगळुरूला नेणार आहेत. ती गेल्यावर लिहायला बसले तर नुसतं रडगाणं होईल. ती अजून याच गावात आहे तोवर लिहिते. शिवाय तुमच्यातली थोरली पुढे शहरांच्या रस्त्यांचं आणि बसचंच नियोजन शिकणार म्हणते. तिने तर हे वाचायलाच हवं. अडलं तर बाबांना वाचून दाखवायला सांगा.

आधी माणसं सांगते. धाकटी आजी म्हणजे माझी जाऊ, तुमच्या आजोबांच्या धाकट्या भावाची बायको. मी तिला "अगं" म्हणते, ती मला "अक्का" म्हणते. आम्ही दोघी इथे म्हैसूरला, सरस्वतीपुरमच्या एका भाड्याच्या घरात सुना म्हणून आलो आणि एकाच स्वयंपाकघरात वीस-बावीस वर्षं वावरलो. मी सकाळी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला जायची आणि ती माझा डबा भरायची. डब्यात काय आहे ते मी विचारलं तर म्हणायची, "उघडल्यावर कळेल, आत्ता बेगा निघ." बेगा म्हणजे लवकर. हा शब्द कन्नड आहे हे मला लहानपणी शाळेत जाईपर्यंत माहीत नव्हतं. आपल्या घरात असंच चालतं. जुन्या म्हैसूरच्या फौजेत आलेल्या माणसांची ही मराठी, तिच्यात साराचा सारू, आमटीची हुळी आणि बेगा कधी मिसळले ते कोणी पाहिलं नाही.

मग गाव वाढलं. नवनव्या वसाहती आखल्या जाऊ लागल्या, अर्ज केला की नशिबाप्रमाणे साईट मिळायची. साईट म्हणजे घर बांधायचा रिकामा तुकडा. ज्याला जिथे मिळाली तिथे तो गेला. तुमच्या आजोबांना हूटगळ्ळीला मिळाली, त्यांच्या भावाला पार दक्षिणेला, श्रीरामपुऱ्याच्या पलीकडे. कोणी कुठल्या माणसांजवळ राहायचं ते त्या अर्जात विचारलेलं नव्हतं. आम्ही दोघींनी सामान बांधताना भांडी वाटून घेतली. इडलीचं पात्र तिने घेतलं, चकलीचा सोऱ्या मी. "चकल्या करशील तेव्हा बोलाव, इडली करीन तेव्हा मी बोलावते," असं ती म्हणाली. आम्हाला ते सोपं वाटलं.

नकाशावर ते सोपंच आहे. गावाभोवती रिंग रोड आहे आणि आमची दोन्ही घरं त्याच्या जवळ आहेत. गाडी असली की तुम्ही इकडून निघता आणि वळसा घेऊन तिकडे पोचता. पण आमच्याकडे गाडी नव्हती, बस होती, आणि इथल्या बस छत्रीच्या काड्यांसारख्या आहेत. प्रत्येक काडी मधल्या दांड्याकडे जाते. एका काडीच्या टोकावरून दुसरीच्या टोकाला जायचं तर आधी गावाच्या मध्यभागी, सिटी बसस्टँडवर जायचं, तिथे उतरायचं, दुसरी बस शोधायची आणि पुन्हा बाहेर यायचं. अंगात बळ होतं तोवर आम्ही दोघीही हे करत होतो. आठवड्यातून दोनदा-तीनदा ती यायची नाही तर मी जायची. दोघींचे नवरे गेल्यावर जास्तच.

त्या काळातली एक गोष्ट आहे. एक दिवस ती माझ्याकडे आली ती दारातूनच हसत.

"अक्का, आज काय झालं ऐक. मी चपला घालतेय आणि दारात एक पोरगी. हातात ती पाटीसारखी मोठी फोनची वस्तू. म्हणते, अज्जी, एल्लिगे होगतीरा? रोज कुठे कुठे जाता, कशाने जाता, सांगा."

"मग?"

"मग काय! निघताना कोणी 'कुठे' विचारतं का? मी म्हटलं, एल्लू इल्लाम्मा, मनेलेच असते. कुठे नाही बाई, घरीच."

"आणि हातात पर्स होती ना तुझ्या?"

"मागे लपवली की! ताक दिलं तिला. बिचारी उन्हातून आली होती. ती वळणावर जाईपर्यंत थांबले आणि मग बस पकडली."

आम्ही खूप हसलो. तुम्हाला हे विचित्र वाटेल म्हणून सांगते. आपल्याकडे घरातून निघणाऱ्याला "कुठे" म्हणून टोकत नाहीत, काम बिघडतं म्हणतात. इथल्या कन्नड घरांतही तेच आहे. आणि परक्या माणसाने विचारलं तर आमच्या वयाच्या बाईने "कुठे नाही" असंच म्हणायचं असतं. ते खोटं बोलणं नसतं, ती रीत असते. ती पोरगी माझ्याही घरी येऊन गेली असं शेजारीण म्हणाली. मी तेव्हा घरी नव्हते, नेहमीसारखी बसमध्ये होते.

त्यानंतर वर्षभराने जाऊला झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं, आणि काही आठवड्यांनी परत आलं, पण सगळं नाही. जन्मभर जी भाजीवाल्याशी कन्नडमध्ये घासाघीस करायची, तिच्या तोंडून कन्नडचा शब्द निघेना आणि कोणी कन्नडमध्ये बोललेलं कळेना. इंग्रजी तर नाहीच. उरली मराठी, तीही तुकड्यातुकड्यांनी. डॉक्टर म्हणाले, असं होतं, सगळ्यांत आधी शिकलेली भाषा कधी कधी शेवटपर्यंत टिकते. गंमत म्हणजे बेगा राहिला, सारू राहिला. आपल्या मराठीत जे मुरले होते ते कन्नड शब्द तिच्याबरोबर राहिले.

तिचा मुलगा, तुमचा काका, भला माणूस आहे. पण त्याची मराठी किती ते तुम्हाला माहीत आहे. पाणी, जेवण, झोप, ये, बस, एवढी. बायको कन्नड. दिवसभर सांभाळायला येणारी बाई कन्नड. जाऊ म्हणायची "मळमळतंय", आणि तिघंही तिच्या तोंडाकडे बघत राहायची. "पायाला मुंग्या आल्यात" म्हणाली तर काकाने मला फोन लावला, "काकू, मुंग्या म्हणजे इरुवे ना? घरात तर कुठेच दिसत नाहीत." मग मी जायला लागले. रोज.

त्याच सुमारास रिंग रोडवर एक बस सुरू झाली, काही महिन्यांसाठी, प्रयोग म्हणून. गावात न शिरता कडेकडेने जाणारी. आमच्या कोपऱ्यावर चढायचं आणि तिच्या घराजवळ उतरायचं. बायकांना इथे तिकीट पडत नाही. कंडक्टर पहिल्या दिवशी आधार कार्ड बघायचा, मग ओळखू लागला. मी चढले की ओरडायचा, "अज्जी बंद्रु, होगोणा!" आजी आल्या, चला आता. गाडीत कारखान्यात जाणाऱ्या मुली असायच्या, घरकाम करणाऱ्या बायका, नातवंडं सांभाळायला लेकीकडे निघालेल्या माझ्यासारख्या म्हाताऱ्या कितीतरी. कोणी कोणाला "कुठे" विचारलं नाही, पण काही दिवसांत सगळ्यांना सगळ्यांचं ठाऊक झालं.

मी सकाळी उन्हं चढायच्या आत जाऊकडे पोचायची. तिला विचारून विचारून भरवायची. दुखतंय का, टोचतंय का, नको झालंय का. ती हळूहळू भरली, गालांवर मांस आलं. एकदा मी भात फार कालवला तेव्हा म्हणाली, "अक्का, लापशी केलीस." झटक्यानंतर तिने मारलेला तो पहिला टोमणा होता, आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

मग आराखडा आला. गाव आता हूटगळ्ळीच्याही पुढे जाणार, आजूबाजूची खेडी शहरात येणार, तेव्हा पुढच्या कितीतरी वर्षांची रस्त्यांची आणि बसची आखणी करून लोकांपुढे ठेवली. एका कल्याण मंटपात, म्हणजे मंगल कार्यालयात, सभा होती. मी गेले. मुद्दे क्रमाने काढले होते: आधी माझी अडचण, मग इतरांची, मग मागणी. मागणी एकच: रिंग रोडची बस कायम करा. प्रयोगाची मुदत संपत आली होती.

व्यासपीठावर एक तरुण अधिकारी होता. सभ्य, शांत. मागे पडद्यावर नकाशा. सगळ्या वसाहतींपासून गावाच्या मध्याकडे जाड जाड रेघा गेल्या होत्या, दोरखंडासारख्या. कारखान्यांकडे जाणाऱ्याही होत्या. बैलकुप्प्याची तिबेटी मंदिरं पाहायला जाणाऱ्या पाहुण्यांसाठी एक जलद बस आखली होती, ती आमच्या वसाहतीसमोरूनच न थांबता जाणार होती. गावाबाहेरून आणखी एक मोठा रिंग रोड होणार हे दाखवताच टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या पुरुषांच्या साईटी तिकडे होत्या. आमच्या बाजूपासून श्रीरामपुऱ्याच्या बाजूपर्यंत मात्र नकाशा कोरा होता. केसाएवढीही रेघ नव्हती.

मी उठले आणि माझे मुद्दे इंग्रजीत मांडले. जन्मभर तीच भाषा शिकवली, वाटलं सरकारपुढे तीच बरी. माझं संपल्यावर अधिकारी हसून म्हणाला, "मॅडम, काय सुंदर इंग्रजी आहे तुमचं! आमच्या मुलांनी ऐकायला हवं." सभेने टाळ्या वाजवल्या. मी उभीच राहिले.

"आणि बस?" मी विचारलं.

"मॅडम, या दोन भागांत प्रवासच नाही. आम्ही घरोघर जाऊन विचारलंय. आणि वयस्कर स्त्रिया तर..." त्याने दुसरं चित्र लावलं. "त्या घराबाहेर पडतच नाहीत जवळजवळ. त्यांनीच सांगितलंय."

माझ्या डोळ्यांपुढे जाऊ आली, पर्स मागे लपवून ताकाचा पेला पुढे करणारी.

मी त्याला सांगितलं. आता इंग्रजी जरा अडखळलं. म्हटलं, "साहेब, आमच्या वयाच्या बाईला कुठे जाता म्हणून विचारलं तर ती कुठे नाही असंच म्हणते. तशी रीत आहे." सभागृहात हशा पिकला. मागून एक बाई कन्नडमध्ये ओरडली, "खरं आहे हो! मी पण तसंच सांगितलं! रोज बोगादीला नातवाला आणायला जाते!" दुसरी म्हणाली, "तुझ्या सुनेला ऐकू जाईल, हळू." पुन्हा हशा. मी मागे वळून विचारलं की आणखी कोण कोण असं म्हणालं, तर हात वर होत गेले. पांढऱ्या केसांच्या कितीतरी बायका हसत हसत हात वर करत होत्या.

अधिकारी हसला नाही. तो खरोखर विचारात पडला. म्हणाला, "पण मॅडम, त्यांनी सांगितलंच नाही ते आम्ही मोजायचं कसं? वर केलेले हात मला नकाशात घालता येत नाहीत. पुढच्या वेळी आराखडा होईल तेव्हा प्रश्न वेगळा विचारू."

"पुढचा आराखडा कधी?"

"काही वर्षांनी."

तो चुकीचं बोलत नव्हता. मी खाली बसले. रागावायला समोर कोणी तरी हवं असतं. इथे एक सभ्य मुलगा होता, हसणाऱ्या बायका होत्या आणि एक रीत होती. थोरल्या नातीला एवढंच सांगते: लोकांना विचारशील तेव्हा त्यांच्या घरी कसं विचारतात ते आधी शिकून घे.

बस बंद झाली. मी पुन्हा दोन बसने जायला लागले. पण मी आता पूर्वीची राहिले नव्हते. गुडघे वाकत नाहीत. हूटगळ्ळीहून सकाळच्या बस कारखान्यांच्या पाळीने भरून येतात, ड्रायव्हर थांबा आला तरी हात हलवून पुढे जातो. रिक्षावाले रिंग रोडचं नाव काढलं की मान फिरवतात, परत येताना भाडं मिळत नाही म्हणून. फोनवरून बोलावलेल्या गाड्या "येतो" म्हणतात आणि येत नाहीत, आणि आल्या तरी रोज परवडत नाहीत. बसस्टँडवर एका फलाटावरून दुसऱ्यावर जायला मला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात बस सुटलेली असते. मी पोचायची तेव्हा जेवणाची वेळ टळून गेलेली असायची.

मी तिच्याकडे राहायलाही गेले. दिवाणखान्यातल्या दिवाणावर झोपायची. पण तिच्या सुनेच्या आईचं ऑपरेशन झालं आणि तिला तिथे आणावं लागलं. त्या घरात आणखी एक म्हातारी मावण्यासारखी जागा नव्हती. कोणी मला जा म्हटलं नाही. मीच पिशवी भरली. मग काकाला म्हटलं, तुझ्या आईलाच माझ्याकडे पाठव. काका म्हणाला, "काकू, व्यायाम करून घेणारा इथे येतो, हॉस्पिटल इथे आहे. रात्री तिला कुशीवर कोण वळवणार? तुम्ही?" तो उद्धटपणे नाही बोलला. मी माझ्या हातांकडे बघितलं.

एक दिवस मी थांब्यावर उभी राहिले आणि एकामागून एक बस भरून गेल्या. पोचले तेव्हा दुपार उलटली होती. दारातच सांभाळणारी बाई रडत होती. "अम्मा, नानु एन माड्ली?" मी तरी काय करू? भिंतीवर साराचे डाग होते, ताट पलंगाखाली. जाऊने घास भरवणाऱ्या हाताला चावून रक्त काढलं होतं. तीन दिवस ती जेवत नव्हती असं तेव्हा कळलं. मला सर्दी होती म्हणून मी गेले नव्हते.

मी तिच्याजवळ बसले. "अगं, काय होतंय?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीकडे बघून म्हणाली, "झोंबतंय."

मी तिचा ओठ खाली ओढून पाहिला. आतून सगळं सोललेलं, फोडच फोड. आणि त्याच्यावर रोज तिखट सारू. झोंबणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं: कापलेल्या बोटाला मिरची लागली की जे होतं ते. ती तीन दिवस तोच शब्द सांगत होती. घरातल्या प्रत्येकाला. काका दारात उभा होता, त्याने हळूच विचारलं, "काकू, झोंबतंय म्हणजे?" मी सांगितलं. तो खाली बसला आणि आईच्या पायावर डोकं ठेवून बराच वेळ उठला नाही.

तरी त्याने ठरवलं ते ठरवलं. बेंगळुरूला आजारी म्हाताऱ्या माणसांचं एक घर आहे, चोवीस तास नर्स असतात, डॉक्टर असतो, तोंड बघतात, अंग बघतात. "काकू, तुम्ही एक दिवस आला नाहीत तर ती उपाशी राहते. आणि तुम्ही रोज येऊ शकत नाही." यात एकही शब्द खोटा नाही. मी त्या घरी फोन करून विचारलं, मराठी बोलणारं कोणी आहे का. फोनवरची मुलगी गोड होती. म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे हिंदी आहे."

तुम्ही म्हणाल, मग फोनवर बोल ना रोज. करून पाहिलं. पडद्यावर माझा चेहरा दिसला की ती फोनच्या मागे मला शोधते, मग चादरीत, मग रडू लागते.

बाळांनो, मी खूप गोष्टी नीट लावून ठेवणारी बाई आहे. माझ्या कपाटात कुठलं लुगडं कुठे आहे ते अंधारातही सांगीन. पण हे मला लावता येत नाही. एकाच गावाच्या दोन कडांना दोन म्हाताऱ्या आहेत, मध्ये गुळगुळीत चौपदरी रस्ता आहे, आणि मला तिच्यापर्यंत पोचता येत नाही. कोणी अडवलेलं नाही. कोणी वाईट वागलेलं नाही. रोज सकाळी उठून मी दुसरा मार्ग सुचतो का ते बघते आणि रोज नाही सुचत.

आज गेले होते. दोन बस, आणि मग भिंतीला धरून धरून चालत. तिच्या तोंडातले फोड बरे झालेत. बेंगळुरूचं तिला अजून कोणी सांगितलेलं नाही, मीही नाही. मी मऊ भात आणि दही भरवलं. अर्धी वाटी खाल्ल्यावर तिने डावा हात वर केला आणि म्हणाली, "पुरे. तू जेव." मग थोडा वेळ खिडकीकडे पाहून म्हणाली, "ऊन उतरलं. बेगा निघ."

ती अजून बोलते, आणि ती काय म्हणते ते मला अजून कळतं.